अर्धी वडी

दादाने जन्मभर चहा चाखायची नोकरी केली. घोट घ्यायचा, तोंडात खळखळवायचा, थुंकायचा आणि निकाल द्यायचा. वहिनीला त्याने कैकदा थापा मारल्या असतील, पण चहाच्या बाबतीत कधी खोटं बोलला नाही. म्हणून तर मी पैज लावली.

माझे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्याने एकच धोशा लावला होता: चौथा मजला सोड, पुस्तकबांधणी पुरे कर, आमच्याकडे राहायला ये. त्याचं काही चुकत नव्हतं, तेच तर डोक्यात जायचं. शेवटी म्हटलं, बाबांची वडी ठरवेल. बाबा बोटीवर होते. पु-एर नावाच्या चहाची दाबून केलेली वडी त्यांनी एकदा आणली आणि आम्हा दोघांना अर्धी अर्धी दिली. वर्षानुवर्षं मुरतो हा, घाई करू नका, म्हणाले होते. आता ज्याची अर्धी सरस, त्याचं ऐकायचं.

दादाची वडी घट्ट झाकणाच्या डब्यात, वर मेण लावून जपलेली. माझी कागदात गुंडाळून उघड्या फळीवर, खळीच्या भांड्याशेजारी. मी हरणार हे मला ठाऊकच होतं. या घराकडे मी दोन दिवस निरोपाच्या नजरेने बघत होते.

एकाच पत्तीवर पुन्हा पुन्हा उकळतं पाणी ओतायचं होतं. पहिल्या पाण्याला माझ्या चहाला जुन्या पुठ्ठ्याचा वास आला. दादा गालात हसला. दुसऱ्याला तो वास गेला आणि ओल्या लाकडाचा आला. तिसऱ्याला दादा थुंकायचं विसरला. पुढे तर गिळल्यावरही घशात गोडवा रेंगाळायला लागला. त्याचा चहा मात्र पहिल्यापासून तसाच, जीभ आवळणारा.

दादा डब्याकडे बघत राहिला. साधा चहा हवेने बिघडतो, म्हणून झाकण घट्ट लावायची त्याला सवय. याला मुरायला हवाच लागते, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"तुझा सरस," तो म्हणाला. "मी फार कोंडून ठेवला गं."

त्याचा चेहरा बघून जिंकल्याचा आनंदच गेला. चुकलं असेल, पण इतक्या मायेने कोण जपतं? मी त्याची वडी कागदात गुंडाळून माझ्या तुकड्याशेजारी ठेवली.

"इथे मुरेल. मधूनमधून येऊन बघत जा."

"चार मजले चढून?"

"तुझे गुडघे धड आहेत ना?"

सोमवारी तो भाजीची पिशवी घेऊन धापा टाकत आला. वडी बघायला आलोय, म्हणाला. संध्याकाळपर्यंत बसला, फळीकडे एकदाही बघितलं नाही.