पाण्यावरचा कांदा

त्या दिवशी कारखान्यातून लवकर सुटी मागून ती भल्या पहाटे घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर मटकन बसली. रात्रभर बिस्किटांचे पुडे भरून बोटं बधिर झाली होती. समोर खिडकीत ग्लासावर काड्यांच्या आधाराने कांदा बसवलेला होता, बूड पाण्याला टेकलेलं. उचलून पाहायचा धीर होईना.

कॉलेजातला जीवशास्त्राचा पहिला वर्ग आजच होता. प्रवेश घेतानाच तिथल्या बाईंनी बजावलं होतं, कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशी दुभंगताना दिसतात, तेव्हा ज्याने त्याने आपली मुळं घरून वाढवून आणायची. रिकाम्या हाताने येईल त्याची जागा रांगेतल्या पुढच्याला. पुड्यांच्या कामातून बाहेर पडायची तिला सापडलेली ही एकच वाट. आणि कांदा बदलून पाहिला तरी रोज घरी यावं तर बूड गुळगुळीत! आपल्या हातालाच गुण नाही, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

खुडबुड झाली तशी ती दचकली. सासरे खिडकीशी उभे होते. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात गेलेला. त्याच सवयीने एक डोळा मिटून त्यांनी कांदा उजेडात धरला, ओलं मऊ फडकं बुडाला लावलं आणि हलकेच गोल फिरवलं.

"मामंजी! हे काय?"

"अगं, तू कधी आलीस? याला रोज रात्रीतून दाढी फुटते. म्हटलं, कुजतोय. सूनबाईच्या अभ्यासाचा कांदा, लखलखीत असावा. तू यायच्या आत पुसून ठेवतो."

"ती दाढी नव्हती. मुळं होती."

सासऱ्यांनी कांदा खाली ठेवला. "म्हणजे मी रोज तुझा अभ्यासच पुसत होतो की!"

ओरडायला तिच्या अंगात त्राण नव्हतं. ओशाळून त्यांनी फडकं मोरीत झटकायला हात उचलला, आणि तिला एकदम जाग आली.

"झटकू नका!"

फडक्यावर पांढरे, दोऱ्यासारखे तुकडे चिकटले होते. काही चुरगळलेले, पण काहींची निमुळती, पिवळसर टोकं शाबूत होती. सासऱ्यांनी आपला दुकानातला बारीक चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग आणलं. ती टोकं दाखवत गेली, ते श्वास रोखून एकेक उचलून ओल्या कापसावर ठेवत गेले. कापूस डबीत गेला.

"चालतील?"

"ताजी आहेत. लगेच पोचले तर चालतील."

ती उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहून चपला पायात सरकवल्या.

"तू बसमध्ये झोपशील आणि डेपोत जागी होशील. मी येतो. उतरायचं आलं की हलवीन."

"या," ती म्हणाली. "डबी मात्र माझ्याकडे राहील. आणि ते फडकं घरी ठेवा."