क्रोशाच्या रुमालाखाली

मित्रांनो, मी गोबरगॅसची शेगडी. दोन बर्नरची, आता बरीच जुनी. घाटंजीजवळच्या एका गावात, नलूच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर मी बसलेली असते. माझ्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल आहे. हा रुमाल फार सुंदर विणला आहे, पण त्यानंच माझं नशीब झाकलं.

नागपूरच्या एका लहानशा कारखान्यात मला घडवलं. सिलिंडरच्या शेगड्याही तिथेच बनत. त्या मला हसायच्या, कारण माझ्या बर्नरची भोकं त्यांच्याहून मोठी. शेणाचा गॅस बिचारा मंद, त्याला वाट मोठी लागते. मी ते मनाला लावून घेतलं नाही. खरं सांगू? थोडं घेतलं.

सन दोन हजार चारमध्ये नलूचा नवरा धर्मपाल मला एसटीतून मांडीवर घेऊन घरी आला. तेव्हा सरकारची एक योजना होती. आधी आपल्या खर्चानं अंगणात टाकी बांधायची, गॅस पेटवायचा. मग साहेब येऊन पाहणार आणि अनुदान मंजूर होणार. पण ती कापूस पडत्या भावात जाण्याची वर्षं. टाकीसाठी धर्मपालनं चांदी नावाची म्हैस विकली. "अनुदान आलं का पयले चांदीलेच घरी आणतो," असं त्यानं नलूला वचन दिलं. गोठ्यात बैलजोडी आणि एक गाय उरली. त्या तिघांच्या शेणावर माझी निळी ज्योत जेमतेम दोन्ही वेळ तगायची.

नलूची मोनाली तेव्हा तीन महिन्यांची होती. चुलीजवळ झोळी बांधली की धुरानं पोर खोकून खोकून लाल व्हायची. मी आले आणि नलूनं झोळी माझ्या शेजारी बांधली. एका हातानं भाकर थापायची, दुसऱ्या हातानं झोळीची दोरी ओढायची. मित्रांनो, पुढे माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण त्या पोरीच्या शांत झोपेइतकं मोठं कौतुक कोणी केलं नाही.

धर्मपालची आई कौसल्या मात्र माझ्याशी जपून वागायची. माझ्यावरची भाकर खायची, पण स्वतःचा चहा चुलीवरच ठेवायची. "भाकरीचं चालते," ती म्हणायची, "चहाले शेणाचा वास येते."

मग साहेब तपासणीला येणार असा निरोप आला.

या घराच्या दारात आजवर कोणी साहेब चहाला थांबला नव्हता. कौसल्येच्या तरुणपणी तर तिच्या हातचं पाणीही कोणी घेत नसे. "आपल्या घराले कोणी नाव ठेवलं नाही पाह्यजे," असं म्हणत तिनं भिंतींना चुना दिला. मला राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, इतकं घासलं की मीच मला ओळखू येईना. वर आपल्या हातानं विणलेला हा रुमाल घातला आणि त्यावर झेंडूच्या फुलांचा पेला ठेवला.

नलू म्हणाली, "आई, चहा शेगडीवरच ठेवू ना? साहेबाले दिसन तरी."

"साहेबाले शेणाच्या गॅसवरचा चहा पाजशीन काय वं? डोकं हाये का जागेवर?"

साहेब आले तेव्हा धर्मपाल बिस्किटाचा पुडा आणायला धावला होता. चूल धडधडत होती. साहेबांनी चुन्याच्या भिंती पाहिल्या, रुमाल पाहिला, फुलं पाहिली. मोनालीला कडेवर घेऊन नलू दोनदा पुढे आली आणि दोनदा पदर सावरत मागे सरली. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. माझी चावी एकदा फिरवली असती तर मीच बोलले असते. पण त्यांनी ती फिरवली नाही. चहाची तारीफ करून ते गेले.

दोन महिन्यांनी कागद आला. 'संयंत्र वापरात नसल्याचे आढळले. अनुदान नामंजूर.'

कौसल्या तो कागद उलटा-सुलटा पाहत राहिली. "मी तं साफ केलती फक्त," ती म्हणाली. घरात तिला कोणी काही बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं.

धर्मपालनं अपील केलं. सुनावणीच्या दिवशी कापूस वेचायला आला होता, म्हणून यवतमाळला नलू गेली. कडेवर मोनाली आणि पोत्यात मी. कचेरीत तिनं मला थेट टेबलावर ठेवलं.

"बाई, इथं कागदाची सुनावणी असते, शेगडीची नाही," मोठे साहेब म्हणाले. सगळे हसले.

नलूनं मोनालीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि विचारलं, "साहेब, तुमच्या घरची शेगडी साफ असते तं ते बंद असते काय?"

हसू थांबलं. साहेबांनी माझ्या बर्नरच्या आत बोट फिरवलं, बोटाला लागलेलं काळं पाहिलं आणि 'फेरतपासणी करावी' असं लिहिलं. परतीच्या एसटीत नलूनं मला पोत्यातून अर्धं बाहेर काढून खिडकीजवळ ठेवलं होतं. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पण फेरतपासणीला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत कापसाची बोंडं अळीनं खाल्ली आणि बैलजोडी बाजारात गेली. एकट्या गाईच्या शेणावर टाकी चालेना. मी विझले. झोळीतून उतरून पावलं टाकू लागलेली मोनाली पुन्हा धुरात खोकू लागली.

आणि एका गुरुवारी पत्र आलं, सोमवारी तपासणी!

नलू टोपलं घेऊन घरोघर फिरली. शेजारच्या गल्लीतली बेबीताई हसून म्हणाली, "आजवर लोकं विरजण मागाले येत, शेण मागाले तूच पयली! ने माय, माह्या चार ढोरायचं सगळं ने." बायकांनी तीन दिवसांत टाकी भरून दिली. या वेळी नलूनं मला पुसलंही नाही. उतू गेलेल्या दुधाचे जुने डाग तिनं जपून ठेवले होते.

पण शेणाला आपला वेळ लागतो, मित्रांनो. त्याला सरकारी तारीख कळत नाही.

सोमवारी दुसरे साहेब आले. हे भले होते. त्यांनी माझी चावी फिरवली, तीन काड्या ओढल्या. मी जीव एकवटला. नुसती हवा निघाली.

"साहेब, आठ-धा दिस थांबा ना," नलू म्हणाली.

"बाई, अहवाल आजच द्यायचा आहे," ते खाली मान घालून म्हणाले. त्यांनी तेच वाक्य लिहिलं. या वेळी ते खरं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी मी पेटले. निळी, सरळ, पहिल्यासारखी. नलू हसली नाही, रडलीही नाही. तिनं मोठं पातेलं चढवलं आणि शेण देणाऱ्या सगळ्या बायकांना चहाला बोलावलं. शेवटचा कप कौसल्येपुढे ठेवला. तिनं कप नाकाशी नेला, एक घोट घेतला, मग आणखी एक.

"वास तं नाही वं येत," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी साहेबाले हाच पाजला असता तं..."

चार दिवसांनी ते शेण संपलं. चांदी परत आली नाही. कौसल्येनं मला पुसलं, रुमाल घातला आणि फळीवर ठेवलं. त्या रुमालाला नीळ द्यायला ती त्यानंतर एकदाही विसरली नाही.

मित्रांनो, आपल्या वस्तू स्वच्छ ठेवा, जरूर ठेवा. पण जी तुमच्या घरात राबते, तिची पाहुण्यापुढे लाज बाळगू नका. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी मोठा साहेब झालाच, तर कोणाच्या घरी गेल्यावर रुमाल उचलून बघा. एकदा, फक्त एकदा, चावी फिरवा.