हॉलमधली बल्ली

मित्रांनो, मी एक जुनी बल्ली आहे. सुरूच्या झाडाची, अंगाने सरळ आणि स्वभावाने जरा ताठ. ओल्या स्लॅबला खालून टेकू द्यायचा, एवढंच माझं काम. घर पुरं झालं की आम्हाला कोणी विचारत नाही. कोपऱ्यात टाकतात, नाहीतर चुलीत घालतात.

पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. मुंबईत चारकोपच्या नव्या सेक्टरमध्ये जयवंत आणि सुगंधा घर बांधत होते. दोघं मूळचे मालवणकडचे. गिरणी सुटल्यावर जयवंत कारखान्यात फिटर झाला होता. मालाच्या बाबतीत भारी कडक. आलेली रेती चिमूटभर जिभेवर ठेवून बघायचा. एकदा खारट लागली, खाडीची निघाली, तर आख्खा ट्रक परत पिटाळला. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

पण एवढ्या चोख माणसालाही घाई सुटली. स्लॅब ओतला श्रावणात आणि गणपती आले तोंडावर. यंदा बाप्पा नव्या घरात, असं त्याने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. आणि बाप्पाच्या नेमक्या जागेवर मी उभी!

"ही एक काढली तर काय आभाळ कोसळतंय?" म्हणत त्याने माझ्या पायाखालच्या पाचरीवर हातोडा हाणला. माझी पाचावर धारण बसली. वरचा स्लॅब अजून कोवळा होता आणि मधला सगळा भार माझ्या डोक्यावर. मी सरकले असते, तर छप्पर त्याच्याच अंगावर आलं असतं.

तेवढ्यात घराची इंजिनियर नीला दारात आली. "जयवंतराव, हातोडा खाली ठेवा! अजून दोन आठवडे एकही बल्ली हलवायची नाही."

"मॅडम, असल्या जंगलात बाप्पाला बसवू? लोक हसतील ना!"

"स्लॅबला गणपतीची तारीख कळत नाही. माल चांगला घातलात, आता वेळही द्या."

जयवंतचा चेहरा पडला. सुगंधा मात्र वर बघत होती. बाप्पाच्या डोक्यावर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, म्हणजे माटवी, तिच्या मनात घोळत होती.

"आणि माटवी खंय बांधूची? वर हूक तरी आसा?" ती म्हणाली. "ह्या बल्ल्यांकच बांधूया. बाप्पा काय रागावचो नाय."

बाप्पा हातभर बाजूला बसला. माझ्या अंगाला आंब्याचे टहाळे, नारळ, सुपारीचं शिपटं, म्हणजे अख्खा घोस! पाहुणे म्हणाले, "झकास रे जयवंता, घरातच मांडव घातलास!" तो असा फुलला, जणू कल्पना त्याचीच.

पुढे नीलाने सांगितलं त्या दिवशी माझी पाचर निघाली. सगळे श्वास रोखून वर बघत होते. मीही. स्लॅब जागचा हलला नाही. "सुटलो बाबा," म्हणत जयवंत तिथेच खाली बसला. मला तर इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

सुगंधाने मला चुलीत घालू दिलं नाही. मला कापून तिने माटवीची चौकट करून घेतली. मित्रांनो, घर बांधाल तेव्हा माल पारखून घ्या, आणि तो घट्ट होईपर्यंत धीरही धरा. त्या स्लॅबला आता हूक आहेत. दरवर्षी गणपतीत मला तिथेच टांगतात. एके काळी मी त्याला पेललं, आता तो मला पेलतो, आणि मी अगदी निर्धास्त असते.