अंड्यांच्या बरणीचा तह

"यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," क्लेम टॅपसेलने ग्लास टेबलावर आपटला, "पण या देशाचं परराष्ट्र धोरण आणि संरक्षण धोरण, दोन्ही, एक अख्खी दुपार माझ्या एकट्याच्या हातात होती!"

इंग्लंडमधल्या डील गावच्या किनाऱ्यावरच्या त्या पबात दुपारची माणसं तीनच: म्हातारा क्लेम, टपाल वाटून आलेला रेज, आणि काउंटरमागे मालकीण एनिड.

"होऊ दे," रेज म्हणाला. "ग्लास संपेपर्यंत आहे मी."

क्लेमला तेवढं पुरे होतं. इंग्लिश खाडीपलीकडच्या, फ्रान्समधल्या बुलोन्यचा कोळी फिर्मँ त्याचा जिवाचा दोस्त. दर उन्हाळ्यात दोघं आपापली होडी घेऊन भर खाडीत भेटत. क्लेम व्हिनेगरमध्ये मुरवलेली अंडी नेई, फिर्मँ चीज आणी. एकाची भाषा दुसऱ्याला येत नसे, त्यामुळे भांडण कधी झालं नाही. मग देश युरोपियन युनियनमधून बाहेर पडला. फिर्मँ अजून भेटतो, एवढंच क्लेमला कुणाला तरी पटवायचं होतं.

"होडीला होडी बांधली, बरणी उघडली, तोच इकडून आपली युद्धनौका, तिकडून त्यांची! तोफा थेट बरणीवर. आपला कप्तान भोंग्यातून ओरडला, 'अंडी परदेशात न्यायची नाहीत!' त्यांचाही ओरडला. काय, ते देव जाणे."

"आणि तुझी बोबडी वळली," रेज म्हणाला.

"माझी? त्यांची! पूर्वी दोघांचे साहेब ब्रसेल्सला एका टेबलाशी बसायचे. आता कुणी कुणाला फोन करायचा हेच ठरेना. लंडन म्हणालं, विचार करून कळवतो. पॅरिस जेवायला गेलेलं. शेवटी आपला कप्तान मलाच विचारतो, 'टॅपसेल, आपलं धोरण काय?'"

"काय सांगितलंस?"

"एक अंडं तू खा, एक त्याला दे, आणि तोफांची तोंडं फिरवा. खाल्ली बरं दोघांनी! फ्रेंच कप्तानाच्या डोळ्यांत पाणी."

"व्हिनेगरचं," एनिड म्हणाली.

रेज हसत उठला, कोट चढवू लागला. क्लेमने त्याची बाही धरली.

"थांब रे. खरं पुढेच आहे. निघताना फिर्मँने खुणेनं सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात, इथेच. आणि येतो तो. गेल्या जुलैतसुद्धा मी होडी काढली, तर हा आधीच येऊन..."

एनिडने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"क्लेम, तुझी होडी कधीची माझ्या परसात उपडी पडलीय. कोंबड्या राहतात तिच्याखाली."