काशीत सोडलेला लझानिया

काशीला जाऊन माणसं कारलं सोडतात. म्हणजे जन्मात ज्या कारल्याला तोंड लावलं नाही ते गंगेच्या साक्षीने सोडायचं आणि पुण्य बांधून घरी यायचं. आवळा देऊन कोहळा काढायचा तो असा. आमच्या यात्रेतल्या निम्म्या बायकांनी कारलं सोडलं, एकीने शेपू. मी लझानिया सोडला.

गुरुजींनी विचारलं, हे काय, फळ की भाजी? मी म्हटलं, पोळ्या असतात थरावर थर, मध्ये खिमा, वर चीज. खिमा ऐकल्याबरोबर गुरुजींनी घाईघाईने ‘सोडला म्हणा’ म्हणत पाणी सोडायला लावलं. माझा मुलगा सिद्धेश बाजूला उभा राहून हसू दाबत होता. मला कसलं हसू येतंय? ह्यांना जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते.

हे म्हणजे चंद्रप्रकाश, माझा नवरा. कुर्ल्याच्या एका कारखान्यात फिटर. उभा जन्म डब्यातलं गार जेवले. भाकरी गार, कालवण गार, सणाची पुरणपोळीसुद्धा दुसऱ्या दिवशी डब्यात गार. रिटायर झाले तेव्हा म्हणाले, वनमाला, आता दुपारचं असं जेवायचं की जिभेला चटका बसला पाहिजे. अहो, घरी काय मी बर्फ वाढत होते? पण ह्यांना मीसुद्धा समोर बसलेली हवी होते. घरात हे ताटाशी आणि मी तव्याशी. दोघांनी मिळून जेवायचं कधी?

त्याच सुमाराला वाकोल्यात, आमच्या मागच्या गल्लीत, नेव्हिलने इटालियन हॉटेल काढलं. नेव्हिल म्हणजे माझी मैत्रीण क्लॅरिस, तिचा भाचा. बरीच वर्षं बोटीवर कुक होता, तिथे शिकला आणि परत येऊन स्वतःच्या घराच्या पडवीत चार टेबलं मांडून बसला. दुपारी सूप, लसणीचा पाव, पास्ता नाहीतर लझानिया, वर थोडं कस्टर्ड. सगळं मिळून नाक्यावरच्या सुरमई थाळीपेक्षा स्वस्त. हे एकदम खूश. दर बुधवारी आमची स्वारी तिथे. एक लझानिया, दोन प्लेटी. वरचं चीज रटरटत यायचं आणि हे फुंकर न घालता घास तोंडात टाकायचे. डोळ्यांतून पाणी, पण तोंडाने झकास झकास चालूच. आतल्या त्या मेल्या टोमॅटोला ना मीठ ना तिखट. मी तसं नेव्हिलला तोंडावर सांगायचे.

पण त्या टेबलावर हे जेवढं बोलले तेवढं अख्ख्या संसारात बोलले नव्हते. लहानपणी आईशी भांडून देवगडच्या घरातून पळाले होते ते. मशिनमध्ये बोट सापडलं तेव्हा आधी घड्याळ सांभाळलं ते. माझ्या आधी मालवणची एक मुलगी सांगून आली होती, तेसुद्धा. त्यावरून मी दोन बुधवार अबोला धरला, पण जेवायला गेले. अबोला वेगळा, बुधवार वेगळा.

काशीहून आले आणि त्या गल्लीत पाय टाकायचं बंद केलं. जे खायला जायचं तेच सोडलं, मग जाऊन काय भिंती बघू? मला वाटलं होतं, ह्यांच्या जिवाचं काहीतरी सोडलं की हे जवळ राहतील. झालं उलटं. भिंतीवरच्या फोटोशी मला बोलताच येईना. फोटोत हे कुणाचा तरी कोट चढवून बसलेत, त्या माणसाची माझी ओळख नाही. माझ्याशी बोलणारे हे नेव्हिलच्या पडवीत होते, आणि मीच त्या दाराला कुलूप घालून बसले होते. फार एकटं वाटायचं.

गेल्या बुधवारी क्लॅरिसचा वाढदिवस होता. तिने मला दंडाला धरून नेलं. मी आधीच सांगितलं, नुसतं सूप घेईन. एकच टेबल रिकामं होतं, आणि ते नेमकं आमचंच. मी नेहमीच्या जागी बसले, क्लॅरिस ह्यांच्या. मला बघून नेव्हिलला इतका आनंद झाला की त्याने काही विचारलंच नाही. सूप संपतं न संपतं तोच रटरटता लझानिया आणि दोन प्लेटी घेऊन हजर. माझं डोकंच फिरलं. अक्कल गहाण टाकली आहेस का रे, असं चार माणसांत ऐकवलं त्याला. बिचारा डिश उचलून परत निघाला.

क्लॅरिसने त्याला थांबवलं आणि मला विचारलं, किती दिवसांसाठी सोडलंस? मी म्हटलं, किती दिवस म्हणजे? कायमचं.

ती म्हणाली, “आम्ही पण लेंटच्या उपासांत सोडतो. मी दरवर्षी मटण सोडते. पण ईस्टरला परत खातो ना. तुमच्यात ईस्टर नाही काय गं?”

“नाही. गंगेत सोडलेलं परत येत नाही. आणि सोडायचं ते आवडीचंच.”

“पण तुला कुठे आवडायचा? तू तर नेव्हिलला दर वेळी शिव्या घालायचीस.”

खरंच की. आवडायचा तो ह्यांना. गुरुजींनी माझ्या आवडीचं विचारलं होतं आणि मी ह्यांच्या आवडीचं सांगून मोकळी झाले. एवढ्या वर्षांची सवय. बाजारात मासे घेताना, दिवाळीचा फराळ करताना, हॉटेलात ऑर्डर देताना, कुणी मला विचारलं की तोंडातून ह्यांचंच निघायचं. तिथे घाटावरही तेच निघालं.

क्लॅरिस म्हणाली, मग हे सोडणं खोटं झालं, तुझ्या आवडीचं काय ते सोड आणि सूट. मी तिच्याकडे बघितलं, म्हणजे त्या खुर्चीकडे बघितलं, आणि मला रडूच कोसळलं.

“माझ्या आवडीचं काशीला जायच्या आधीच सुटलं गं. ते स्मशानात ठेवून आले. गंगेला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.”

क्लॅरिसने रुमाल दिला. शेजारच्या टेबलावरची माणसं खाली मान घालून जेवत राहिली. नेव्हिल डिश हातात धरून तसाच उभा होता. फडक्यातून त्याचा हात भाजत असणार.

“ठेव ती खाली,” मी म्हटलं. “आणि अर्धा हिला वाढ. एवढा माझ्या एकटीच्याने नाही संपायचा.”