चौदा दिवसांची अट

कात्रीबाईंचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता, तारखांवर मात्र होता. एकतीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीत आजारपणाचे दावे तपासले, आणि डॉक्टरच्या गिचमिड अक्षरातली एखादी ओळ पकडून भल्याभल्यांचे दावे असे काही छाटले, की खात्याने त्यांचं नावच कात्रीबाई ठेवलं. बाईंना त्या नावाचा राग येत नसे, उलट अभिमानच होता. माणूस काहीही सांगेल, पण कागदावरची तारीख कोणाचं ऐकत नाही, असं त्या नव्या मुलींना शिकवायच्या.

तेव्हा निवृत्तीनंतर घरात कुत्रा आणायचं ठरलं, तर पट्टा आणि जेवणाचं भांडं यायच्या आधी विम्याचे कागद आले, यात नवल काहीच नाही. त्यांच्या यजमानांना, म्हणजे मास्तरांना, हे हसण्यावारी न्यायची सोय नव्हती. मास्तर गाडी चालवायला शिकवतात. आयुष्य दुसऱ्याच्या शेजारी बसून, पायाखालचा जादा ब्रेक दाबण्यात गेलेलं. त्यामुळे सावधपणाची चेष्टा त्यांच्या तोंडून निघणार कशी? शिवाय दोघांनाही आधीची कुत्री आठवत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटाला पीळ पडला, डॉक्टरने ऑपरेशनचा आकडा सांगितला, आणि हे दोघं दवाखान्याच्या बोळात उभं राहून कुठून आणायचे, कसे आणायचे, यावर दीड तास बोलत राहिले. शेवटी ‘करा’ म्हणायला आत गेले, तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या बोळात पुन्हा उभं राहायचं नाही, अशी बाईंनी तेव्हाच शपथ घेतली होती.

नवा कुत्रा प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणला. वय चारेक वर्षं, रंग मातकट, एक कान फाटलेला. बंद पडलेल्या गोदामाच्या दाराशी कोणीतरी बांधून निघून गेलं होतं, तो आठवड्याने सापडला, असं निवाऱ्यातल्या ताईंनी सांगितलं. घरात पाऊल टाकल्यावर तो जो जेवणाच्या टेबलाखाली शिरला, तो तिथलाच झाला. मास्तरांनी त्याचं नाव भाडेकरू ठेवलं. “राहतो आपल्याकडे, पण समोर आलो की नजर चुकवतो,” ते म्हणाले, “याला दुसरं काय म्हणायचं?”

भाडेकरू घरी आला त्याच दिवशी पॉलिसी सुरू झाली. फोनवरची मुलगी एका दमात अटी वाचत होती आणि बाई तिच्या चुका सुधारत होत्या. अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून भरपाई. आजारपणाला मात्र चौदा दिवस थांबायचं. त्या चौदा दिवसांत एखाद्या आजाराचं लक्षण दिसलं, तर तो आजार आणि त्यातून पुढे जे काही उपटेल ते सगळं, कुत्रा जिवंत असेपर्यंत विम्याबाहेर.

“कळलं ना मॅडम?” मुलीने विचारलं.

“बाळ, ही अट मी शिकवत होते, तेव्हा तू शाळेत असशील,” बाई म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाभोवती पेन्सिलीने गोल काढला.

पाच दिवस बरे गेले. भाडेकरू बाईंच्या हातून खायला लागला. मास्तरांच्या हातून नाही, भांड्यातूनही नाही. बाईंनी जमिनीवर बसायचं, तळहातावर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरायचा आणि भलतीकडे बघायचं, मग हाताला ओलं नाक लागायचं. एकतीस वर्षं लोक ज्या हाताला घाबरले, त्या हातावर हा विश्वास ठेवतोय, याची बाईंना मोठी गंमत वाटायची.

सहाव्या दिवशी सकाळी त्याने तुकडा हुंगला आणि तोंड फिरवलं. पाठोपाठ फरशीवर एक थेंब पडला. लाल. त्याच्या नाकातून.

बाईंचा हात आपोआप फोनकडे गेला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण फोनच्या वरच कॅलेंडर होतं. हात तिथेच थांबला, आणि थोड्या वेळाने रिकामाच परत आला.

इथे कोणाला बाईंना शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्याव्यात, पण त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं तेही ऐकून घ्यावं. आज दवाखान्यात नेलं, की आजची तारीख कागदावर चढणार. ती चढली, की हा आजार जन्माचा विम्याबाहेर. उद्या तो मोठा निघाला, महिनोन्महिने चालला, तर? तर पुन्हा तोच बोळ, तोच आकडा, तेच दोघं. आणि कदाचित हे काहीच नसेल. उष्णता असेल, नाकाला ओरखडा गेला असेल. नऊ दिवस काढायचे. नऊ दिवसांत काय होतंय?

त्यांनी फडकं आणलं आणि तो थेंब पुसून टाकला. मग फडकं धुतलं. मास्तर आंघोळीहून आले तेव्हा फरशी कोरडी होती.

त्यानंतर बाईंना जी भीती लागली, ती आधी कधी लागली नव्हती. एरवीची भीती येते आणि जाते. ही घरातच बसून राहिली. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्या बाहेरच्या खोलीत टेबलाखाली श्वास चालू आहे का, ते ऐकायच्या. तो ऐकू आला की मगच स्वतः श्वास घ्यायच्या. भाडेकरूला खाली फिरवून आणायचं काम त्यांनी एकटीने अंगावर घेतलं, कारण आठव्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती आणि ती मास्तरांना दिसायला नको होती. “तुमचे गुडघे दुखतात, तीन जिने कशाला?” असं त्या म्हणायच्या. मास्तरांना वाटलं, बायकोला कुत्र्याचा लळा लागला. लळा लागलाच होता, ते काही खोटं नव्हतं.

नवव्या दिवशी, मास्तर शिकवणीला गेल्यावर, त्यांनी त्याचा ओठ वर करून बघितला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्या कितीतरी वेळ तशाच बसल्या. कुत्रा काही न म्हणता ओठ धरू देत होता.

आणि त्यांना एक फाइल आठवायला लागली. एका माणसाच्या छातीत दुखत होतं, पॉलिसी नवी होती, थांबायची मुदत संपायला थोडे दिवस बाकी होते. मुदत संपल्यावर तो दवाखान्यात गेला आणि तिथेच गेला. बायकोने डॉक्टरला रडत सांगितलं होतं, ‘आठ दिवसांपासून दुखत होतं हो.’ डॉक्टरने ते लिहून ठेवलं, आणि बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. “आठ दिवस घरात बसून काय करत होता म्हणे हा माणूस?” असं त्या तेव्हा मोठ्याने म्हणाल्या होत्या, आणि सगळं खातं हसलं होतं. काय करत होता, ते आता त्यांना कळलं. तो दिवस मोजत होता.

अकराव्या दिवशी सकाळी मास्तर बूट घालत असताना भाडेकरू पाणी प्यायला उठला. दोन पावलं टाकली, आणि त्याचे मागचे पाय दुमडले. तो खाली बसला नाही, कोसळला. नाकातून रक्ताची धार लागली.

“अगं! अगं, हे काय?” मास्तर एका बुटानिशी धावले. त्यांनी त्याला उचलून छातीशी धरलं. “गाडीची किल्ली घे. तू चालव.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. तोंडून शब्द निघायच्या बेतात होते: चार दिवस थांबू या. ते ओठांवर आले आणि आपल्याच शब्दांनी त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी किल्ली घेतली.

दवाखाना दहा मिनिटांवर होता. बाईंनी दोन सिग्नल तोडले. मास्तरांचा पाय एकदाही ब्रेक शोधायला हलला नाही. मांडीवरच्या कुत्र्याच्या नाकाला ते रुमाल लावत होते, आणि रुमाल पुरत नव्हता.

डॉक्टर तरुण होती, केस वर बांधलेले, बोलणं झटपट. भाडेकरूला स्टीलच्या टेबलावर ठेवेपर्यंत तिने त्याच्या हिरड्या बघितल्याही. तिचा चेहरा बदलला. मग तिने कागद पुढे ओढला आणि तो प्रश्न विचारला.

“कधीपासून?”

हा प्रश्न किती कागदांवर असतो आणि त्याच्या उत्तराचं पुढे काय होतं, हे त्या खोलीत एकट्या बाईंना माहीत होतं. अचानक घडलं असेल तर ते अपघातात बसवता येतं आणि भरपाई मिळते; आधीपासून चाललेलं असेल तर तो आजार, आणि चौदा दिवस अजून भरले नव्हते.

“आज सकाळपासून,” त्या म्हणाल्या.

“त्याआधी काहीच नाही? खाणं, लघवी?”

“काहीच नाही हो डॉक्टर,” मास्तरांनीच उत्तर दिलं. “काल रात्रीपर्यंत ठीक होता. ही त्याला डोळ्यांत तेल घालून जपते. काही असतं तर हिला कळलंच असतं.”

बाईंनी टेबलाची कड धरली.

“मग उंदराचं औषध खाल्लं असणार,” डॉक्टर म्हणाली. “इतकं अचानक, इतकं रक्त. दुसरं काही असतं तर चार-पाच दिवस आधी लक्षणं दिसली असती.” तिने मदतनिसाला हाक मारली, कुठलंसं इंजेक्शन सांगितलं. “विषाचे उपचार सुरू करू. बाकीच्या तपासण्या नंतर बघता येतील. आता याच्याकडे वेळ नाही.”

कपाट उघडलं. बाटली निघाली, सुई निघाली. भाडेकरूचं पोट वरखाली होत होतं, भराभर, उथळ. भलत्याच आजाराचं औषध आता त्याला देणार होते, आणि ते तसं का देणार होते, ते एकट्या बाईंना ठाऊक होतं. त्यांना मास्तरांची भीती वाटली. डॉक्टरची वाटली. आणि या सगळ्याहून त्या पोटाची वाटली, ते थांबेल याची.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “आजपासून नाही. पाच दिवस झाले.”

“घरी आणल्यापासून सहाव्या दिवशी सकाळी खाणं सोडलं. नाकातून रक्त, एक थेंब. सातव्या दिवशी पुन्हा, दोनदा. आठव्या दिवसापासून लघवी काळपट. नवव्या दिवशी हिरड्या पांढऱ्या. काल जिना चढताना दोनदा बसला.”

त्या हे फायलीतून वाचावं तसं क्रमाने सांगत होत्या. दुसरं कसं सांगायचं, ते त्यांना येतच नव्हतं.

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिली. “एवढं सगळं तारीखवार माहीत होतं तुम्हाला, काकू?”

“हो.”

डॉक्टरने सुई खाली ठेवली. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन ती सूक्ष्मदर्शकाशी गेली आणि लगेचच परत आली. “गोचिडीचा ताप आहे. आणतानाच अंगात असणार. वेळेवर आणला असता तर गोळ्यांवर भागलं असतं.” मग कदाचित बाईंचा चेहरा बघून ती जरा हळू बोलली. “आता रक्त चढवायला लागेल. आजचा दिवस निघाला तर पुढचं बोलू. मी वचन देत नाही.”

तिने कागदावर लिहिलं: लक्षणं पाच दिवसांपासून. बाईंना ते उलट्या बाजूनेही वाचता आलं. पॉलिसी त्या ओळीपाशी संपली. आपल्याला निदान हळहळ वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. पण त्यांच्या मनात एवढंच आलं, की ही मुलगी लिहीत का बसली आहे, रक्त का आणत नाही.

“नळी लागली की तीन-चार तास हलू द्यायचं नाही त्याला,” डॉक्टर म्हणाली. “त्याला ज्याची सवय असेल, त्याने डोक्याशी बसा.”

मास्तरांनी बाईंकडे न बघता खुर्ची ओढली आणि ती त्यांच्यासाठी टेबलाशी ठेवली.

बाई बसल्या. पिशवीतून थेंब पडायला लागले. मास्तर भिंतीला टेकून उभे होते, अजून एकाच बुटात. बराच वेळ गेला.

“मला का नाही सांगितलंस?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तुम्ही लगेच घेऊन आला असतात.”

“हो.”

“म्हणूनच.”

मास्तरांनी रक्ताने भिजलेला रुमाल घडी करून खिशात ठेवला. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. त्यांना रडावंसंही वाटलं, पण रडलं तर हात हलेल, या भीतीने त्या रडल्या नाहीत. डॉक्टर मध्ये येऊन ओठ वर करून बघून गेली. बाईंनी तेवढ्यापुरती नजर वळवली. काही विचारायची हिंमत त्यांना झाली नाही, आणि डॉक्टरनेही आपणहून काही सांगितलं नाही.

भाडेकरूने डोळे उघडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने नजर चुकवली नाही. तो बाईंकडे बघत राहिला. मग त्याने मान थोडी पुढे सरकवली, त्यांच्या तळहातावर आपलं सगळं डोकं टेकवलं, आणि ज्याला आता कसलीच काळजी उरलेली नाही अशा माणसासारखा निर्धास्त झोपी गेला.