तीन टप्प्यांचं पेट्रोल

फिल्टरवाल्यांच्या हातून आजवर कोणाचंही वाईट झालं नव्हतं. झालं ते फक्त त्यांच्या मोटारसायकलचं, आणि तेही अतोनात प्रेमापोटी.

घरोघरी पिण्याच्या पाण्याचे फिल्टर बसवणं हा त्यांचा धंदा. वीस वर्षं तेच केल्यावर माणसाला जगात दोनच गोष्टी दिसायला लागतात, गाळलेली आणि न गाळलेली. त्यांची मोटारसायकल दुसऱ्या गटात मोडत होती. ती वयाने धंद्यापेक्षा मोठी. टाकीच्या आत गंज धरलेला, आणि तो कणाकणाने खाली उतरून कार्बोरेटरमध्ये मुक्काम ठोकायचा. मग गाडी खोकायची आणि बंद पडायची. जागाही अशी निवडायची की चारचौघांत शोभा झालीच पाहिजे.

बायको घरून धंद्याच्या तक्रारींचा फोन सांभाळायची आणि रविवारी या गाडीवर मागे बसायची. म्हणजे तिला आठवड्यातून एकदाही सुट्टी नव्हती. मागच्या रविवारी भर चौकात अर्धा तास उभी राहिल्यावर तिने निकाल दिला.

"या रविवारी ताईकडे जेवायला जायचंय. सात किलोमीटर. वाटेत एकदा जरी थांबली ना, तर सोमवारी भंगारवाल्याला फोन. मी स्वतः करणार."

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही."

याच गाडीच्या हँडलला हत्यारांची पिशवी अडकवून फिल्टरवाले आयुष्यातला पहिला फिल्टर बसवायला गेले होते. ती भंगारात जाणार म्हटल्यावर त्यांना खरंच रडू आलं, आणि डोळ्यांत काहीतरी गेलंय असं त्यांनी कोणी न विचारताच जाहीर केलं. शिवाय ताईचे यजमान, म्हणजे त्यांचे साडू. ते नव्या विजेच्या स्कूटरवरून आवाज न करता हिंडायचे आणि दर वेळी दारातच विचारायचे, "काय, आज कुठे मुक्काम पडला होता?"

दुसऱ्याच दिवशी फिल्टरवाले गॅरेजात गेले. मेकॅनिकने टाकीत टॉर्च मारला, हसला आणि ड्रॉवरमधून अंगठ्याएवढी वस्तू काढली. पारदर्शक प्लास्टिक, पोटात जाळी, अंगावर बाण.

"पेट्रोलच्या नळीत हा टाका. बाण कार्बोरेटरकडे. गंज इथेच अडकेल."

"एकच?"

"एकच."

फिल्टरवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अहो, आम्ही पाण्याला पाच पाच टप्पे लावतो!"

"पाण्याला लावा की. माझं काय जातंय?"

पण वीस वर्षांची सवय एका मेकॅनिकच्या सांगण्याने जाते होय? फिल्टरवाल्यांनी तीन घेतले. एक जाळीचा, एक मोटारीला लागतो तसा कागदाचा, आणि एक इतका बारीक की त्यातून संशयसुद्धा गळून यावा. शनिवारची दुपार त्यांनी गाडीशेजारी पालथं पडून घालवली. नळी टाकीखालून निघाली, सीटखाली वळसा घालून, वर चढून खाली उतरली आणि वाटेत तिन्ही ठिकाणी थांबत कार्बोरेटरला पोहोचली. प्रत्येक बाण बरोबर दिशेला होता. ते अभिमानाने बायकोला म्हणाले, "तीन टप्प्यांचं पेट्रोल! शहरात कोणाकडे नसेल." हे मात्र खरं होतं.

रविवारी गाडी एका किकमध्ये सुरू झाली. फिल्टरवाल्यांनी मान ताठ केली, बायको मागे बसली, आणि दीड किलोमीटरवर, बँकेसमोर, गाडी बंद पडली.

"थांबली," बायको म्हणाली.

"थांबली नाही, दम घेतेय." त्यांनी प्लग काढला, रुमालाने पुसला, फुंकला, परत लावला. यात दहा मिनिटं गेली. गाडी सुरू झाली. "प्लगच होता!" ते ओरडले.

तीन किलोमीटरवर, शाळेच्या फाटकाशी, परत तेच. या वेळी त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत फुंकर मारली, झाकण पाच वेळा उघडलं, पाच वेळा लावलं. दहा मिनिटांनी गाडी सुरू. "झाकणच होतं!" खरं तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडत होती, पण आपल्याच कावळ्यावर माणसाचा फार विश्वास असतो.

साडेचार किलोमीटरवर, पुलाच्या तोंडाशी, गाडी तिसऱ्यांदा बसली. आता फिल्टरवाल्यांकडे पुसायला काही उरलं नव्हतं. ते फुटपाथवर बसले आणि बारीक आवाजात म्हणाले, "कर बाई सोमवारी फोन. मी काही बोलणार नाही."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग पर्स खांद्यावर सारून ती आपल्या फोनवरच्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. तक्रार काय आहे?"

"अगं, आत्ता..."

"तक्रार काय आहे?"

"थोडं चालते, बंद पडते. दहा मिनिटं ठेवली की परत चालते," फिल्टरवाले नाइलाजाने म्हणाले.

"म्हणजे थेंब थेंब भरतंय, आणि भरेल तेवढंच चालतंय. टाकी किती उंचावर आहे?"

"ही काय, वीतभर."

"पंप आहे?"

"मोटारसायकलला कुठला पंप? आपोआप उतरतं खाली."

"फिल्टर किती लावलेत?"

फिल्टरवाल्यांनी तीन बोटं वर केली. हे तीन प्रश्न त्यांनीच तिला पाठ करून दिले होते. पाणी येत नाही म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पुढचं वाक्यही स्वतःच ऐकवायचे. ते तिने शब्दाला शब्द ऐकवलं, "पंप नाही, टाकी वीतभर उंच, आणि वर तीन तीन फिल्टर? पाणी काय उडी मारून येणार?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कार्बोरेटरही कोरडाच होता.

बायकोने पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी ओढली, कागदाचा आणि बारीकवाला असे दोन फिल्टर काढून नवऱ्याच्या हातात दिले, आणि जाळीच्या फिल्टरपासूनची नळी सरळ कार्बोरेटरला जोडली. हात कपड्यांना न पुसता नवऱ्याच्या रुमालाला पुसले. मग पुढे जाऊन बसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती हीच गाडी शिकली होती, हे फिल्टरवाले साफ विसरले होते. ती विसरली नव्हती.

उरलेले अडीच किलोमीटर गाडी अशी धावली की फिल्टरवाल्यांना मागे बसून, दोन्ही मुठींत पेट्रोलने माखलेले फिल्टर धरून, आनंद आणि लाज दोन्ही एकदम सोसावी लागली. साडू दारातच होते. त्यांनी तोंड उघडलं, पुढे मेहुणी आणि मागे साडूबुवा असं दृश्य पाहिलं आणि ते तसंच मिटलं.

सोमवारी सकाळी मात्र फिल्टरवाल्यांनी चहा बाजूला ठेवून गाडी शेवटची पुसून घेतली. शब्द तो शब्द, आणि गाडी तीनदा थांबली होती. बायकोने फोन उचलला.

"भंगारवाले ना? हो, न्यायला या. तीनदा अडवलं यांनी काल, घरात नकोत मला." ती फोन खांद्याने धरून टेबलावरच्या प्लास्टिककडे बघत म्हणाली, "नाही हो, गाडी नाही. फिल्टर. दोन आहेत."